गंधारावर ठेवलेलं बोट

आमच्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवते. सव्वीस वर्षं झाली. लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यातल्या घरी आले तेव्हा पेटीचा भाता कसा ओढतात तेही मला ठाऊक नव्हतं. शिकवलं ते आत्याबाईंनी. म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी. शेजारच्याच मळ्यात राहायच्या, एकट्याच. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता गायच्या, आणि मंगळवारी देवळात मंडळापुढे गायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता, "हे बघ, पेटीवालीनं गाणारीच्या मागं चालायचं. आपली अक्कल चालवायची नाय."

सव्वीस वर्षं नाही चालवली. मग चालवली.

झालं काय, गेल्या श्रावणात माझी लेक पुण्याहून पंधरा दिवस घरी आली होती, लॅपटॉप घेऊन. घरूनच काम. आमच्याकडे श्रावणात विकायच्या हारांची ही गर्दी. मी दुपारी ओसरीत झेंडू ओवत बसलेली, आणि ही बया तिच्या छोट्या स्पीकरवर काहीतरी लावून फोनवर बोलायला आत गेली. एक वाद्य वाजत होतं, तुतारीसारखं, पण कुणी तोंडावर पदर धरून बोलावं तसं दबलेलं. मागे जाड तारांचं काहीतरी सावकाश डुम्म, डुम्म चाललेलं. ढोल म्हणावा तर सुपात तांदूळ घोळवल्यासारखा आवाज. मी ओवायची थांबले. सुई बोटाला टोचली तेव्हा कळलं की थांबलेय.

"अगं, हा माणूस वाजवतोय की रडतोय?" मी ओरडले.

"आई, जॅझ आहे ते. त्यातलं एकदम काळोखं, उदास असतं ना, तसलं."

"मग बंद कर ते. सणासुदीचे दिवस, उदास काय लावतेस?" असं म्हटलं खरं, आणि संध्याकाळी तिलाच म्हणाले, ते माझ्या फोनवर घालून दे. ती जी हसली!

आमच्या भजनात सूर कितीही फिरला तरी शेवटी घरी येतो, षड्जावर टेकतो. हे लोक घरी यायचंच नाव घेत नाहीत. एक पियानोवाला तर नको त्या पट्टीवर बोट ठेवायचा आणि उचलायचाच नाही. आमच्यात त्याला चूक म्हणतात. तो मात्र ती चूक धरून बसायचा, आणि मी तेवढीच जागा परत परत लावायची. खोटं कशाला बोलू, मला व्यसनच लागलं. पदराखालून एका कानात वायर घालून मी खुरपायला जायची. नवरा विचारायचा, "प्रवचन चाललंय वाटतं?" मी म्हणायची, "हो." कुणी नको म्हटलं होतं का? नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. कारण खरी गोष्ट वेगळीच होती. मंगळवारी आत्याबाई गायला बसल्या की मला कंटाळा यायला लागला होता. ज्या आवाजानं मला शिकवलं त्याचा कंटाळा. लिहितानाही लाज वाटते.

मग नवरात्र आलं. पाचव्या माळेला दुपारी देवीच्या देवळात आमचं भजन होतं. शहरातल्या द्वारका चौकाकडचं एक मंडळही आलं होतं, माईक होता, चाळीसेक बाया. आत्याबाईंनी त्यांचा ठेवणीतला संथ अभंग घेतला. त्यात एका जागी त्या गंधार लांब धरतात, सा रे ग मधला ग. पखवाज थांबतो, टाळ थांबतात, नुसता त्यांचा आवाज आणि खाली माझी पेटी. बाया डोळे मिटतात त्या जागेला.

मी त्या गंधाराऐवजी शेजारची पट्टी दाबली. कोमल, अर्धा सूर खालची.

बोट घसरलं, असं मी पुढे सहा महिने स्वतःला सांगत होते. घसरलं बिसरलं काही नाही. मी ठेवलं. मला ऐकायचं होतं, त्यांच्या आवाजाखाली ते कसं लागतं. आणि देवीची शपथ, अंगावर काटा आला माझ्या. क्षणभर मला आनंद झाला.

मग आत्याबाईंचा आवाज हलला. पेटीशी जुळवून घ्यायला त्या खाली उतरल्या, ते पटेना म्हणून परत वर गेल्या, तिथेही धर लागेना. तोवर माझं बोट बरोबर जागी आलं होतं, पण आता काय उपयोग? माईकवर सगळं देवळाला ऐकू गेलं. त्या थांबल्या. कुणीतरी पाणी दिलं. पाहुण्या मंडळातली एक बाई चांगलं ऐकू येईल असं म्हणाली, "वय कुणाला चुकलंय हो!" मी खाली मान घालून भाता उगाच सारखा करत बसले.

परत येताना रिक्षात त्या माझ्या शेजारी. मांडीवरची भजनाची वही त्यांनी मिटली. मग म्हणाल्या, "माझा सूर गेला गं."

मी म्हटलं, "ऊन किती होतं आत्याबाई. दमलात तुम्ही."

"नाय. पेटी एक सांगत व्हती अन् मी भलतंच गात व्हते. पेटी कशी चुकंल? मीच शिकवलीय तुला."

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द लागत होते. मी रिक्षावाल्याला वळण सांगत बसले.

पुढच्या मंगळवारी त्यांची भजनाची वही आली, फडक्यात बांधलेली. निरोप आला की आता तुम्ही म्हणा. बाया मनधरणीला गेल्या. त्यांच्यात मीही गेले, तोंड वर करून! "आत्याबाई, तुमच्याशिवाय मंडळ कसलं?" असंही म्हणाले. त्या नाही म्हणजे नाही. आणि सगळ्यात वाईट सांगू? मी ते ऐकायचं सोडलं नाही. उलट आता ते जास्तच भिडायला लागलं. ती दबकी तुतारी ऐकत वांग्यांच्या सरीत बसून रडायचे, आणि ते रडणं बरं वाटायचं मला. एका बाईचं गाणं घालवलं, आणि त्या दुःखाची चवही मीच घेत होते.

चैत्रात मंडळ वणीच्या गडावर जातं. दरवर्षी चढायच्या आधी पहिल्या पायरीशी आत्याबाई गातात. या वर्षी गुडघ्याचं निमित्त सांगून त्या आल्याच नाहीत. त्यांचा अभंग दुसरीनं घेतला. गंधाराची जागा आली आणि माझा हातच पेटीवरून उठला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मी गडावर देवीसमोर उभी राहिले तर मान वर होईना. परत आल्यावर प्रसाद घेऊन थेट त्यांच्या मळ्यात गेले.

शेडखाली बसून त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. गुणगुणणं नाही, काही नाही. मी सगळं सांगून टाकलं. त्यांना आधी उमजेना.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का गं?"

मी फोन काढून त्यांना ते ऐकवलं. दुसरं काय सांगणार? अर्धा मिनिट ऐकलं असेल त्यांनी. "चांगलं हाय," म्हणाल्या. "पण हे तुझं तुझ्या घरी करायचं व्हतं." मग हातातली जुडी खाली ठेवली आणि त्यांचा आवाज चढला. "सहा महिने मी देवापुढं तोंड उघडलं नाय. सकाळची आरतीसुद्धा मनात. म्हटलं, बेसूर त्याला कशाला ऐकवू? आन् तू रोज दारावरून जात व्हतीस!"

मी पाय धरले. त्यांनी ओढून घेतले. म्हणाल्या, "पेटी आण."

धावत गेले, घेऊन आले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला. इतक्या महिन्यांत असा उजळलेला चेहरा मी पाहिला नव्हता. सूर गेलाच नव्हता, असं कळल्यावर माणूस दुसरं कसं दिसणार? त्यांनी तोच अभंग घेतला. सुरुवातीला आवाज खरखरला, मग थोडा मोकळा झाला. ती जागा आली. माझं बोट गंधारावर होतं. बरोबर, शुद्ध, पांढऱ्या पट्टीवर. मी दोनदा खाली बघितलं.

त्यांचा आवाज खालीच लागला. वर यायला धडपडला, आला नाही. सहा महिने न गायलेला, चौऱ्याहत्तर वर्षांचा गळा. सूर खरंच सुटला होता.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भीती होती आणि ती लपवायला ओठांवर हसू.

"आत्तापण तूच ना गं?"

"हो आत्याबाई," मी म्हटलं. "मीच चुकले."

त्यांनी माझ्या हातावर फाडकन चापट मारली. "नीट वाजव," म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.