तिन्हीसांजेचा हिरवा चेहरा

त्या अ‍ॅपवर मी बराच काळ दात खाऊन होतो. पण ते बिचारं काय करणार? रोज एकच प्रश्न विचारायचं. खोटं उत्तर देणारे आम्ही दोघं होतो, मी आणि माझी आई.

बाइकवरून पडून पाय मोडला तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यावर जी गोळी दिली, ती पाय जुळून आला तरी सुटली नाही. नाक्यावरचा केमिस्ट चिठ्ठी न बघता पाकीट पुढे करायचा आणि वर आपुलकीने विचारायचा, पाय कसा आहे म्हणून. त्याच्या आपुलकीचा मला आजही संताप येतो. शेवटी ऑफिसच्या जिन्यात दिवसाढवळ्या झोपलेला सापडलो, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथे गोळीची ओढ आवरणारं औषध सुरू झालं आणि समुपदेशक बाईंनी माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं.

रोज संध्याकाळी सातला ते विचारायचं, आज गोळीची ओढ किती? खाली तीन चेहरे, हिरवा, पिवळा आणि लाल. लाल दाबला की बाईंचा लगेच फोन. महिन्याभराचे चेहरे बघून केंद्रातले डॉक्टर ते औषध कमी करायचं की नाही ते ठरवणार होते.

आता सात म्हणजे आमच्या मुलुंडच्या घरात दिवेलागणीची वेळ. पहिल्याच आठवड्यात एकदा आई देवाजवळ दिवा लावत होती आणि मी शेजारी उभा राहून पिवळा दाबला. म्हटलं, आई, आज जरा ओढ लागलीय. तिने माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

"तिनसांजा वायट बोला नये," ती म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणता."

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. दिवा लागताना तोंडातून जे निघेल ते खरं होतं, म्हणून त्या वेळी परीक्षेची भीती वाटते असं म्हणायचीसुद्धा चोरी होती. दुसऱ्या दिवसापासून दिवा लावला की आई स्वतःच फोन घ्यायची आणि हिरवा दाबायची. काचेवर तिच्या बोटाचं कुंकू लागायचं. अ‍ॅप स्क्रीनभर फुलं उधळून शाब्बास म्हणायचं, आणि आई त्याला हात जोडायची. तिच्या लेखी तो प्रश्न नव्हताच. देवाकडे मागायचं ते ती मागून घेत होती.

महिन्याने डॉक्टरांनी रांगेने हिरवे चेहरे बघितले, खूश झाले आणि औषध कमी केलं. तिसऱ्या दिवसापासून घाम, जांभया, पायात गोळे. बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. त्या संध्याकाळीही आईने हिरवा दाबला. मी बघितलं, चपला घातल्या आणि नाक्यावर गेलो. केमिस्ट म्हणाला, बऱ्याच दिवसांनी आलात. बिल्डिंगच्या गेटशीच मी दोन गोळ्या गिळल्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन मी आरडाओरडा केला. आईने केलं हे सगळं, म्हटलं, तिच्या वेड्या समजुतींनी माझी वाट लावली. बाईंनी ऐकून घेतलं.

"आणि ती दाबत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी शेजारीच उभा होतो, रोज. हिरवा लागला की बाईंचा फोन येत नाही, कोणाला काही सांगावं लागत नाही, हे मला सोयीचंच होतं. आईला निदान ती काय करतेय त्यावर विश्वास होता. मला तोही नव्हता. एवढी स्वतःची चीड मला गोळ्या खातानाही आली नव्हती.

बाईंनी डॉक्टरांकडून औषध पुन्हा वाढवून घेतलं. निघताना सहज सांगितलं की प्रश्नाची वेळ बदलता येते, सकाळची ठेवा हवी तर. इतकं सोपं होतं ते. पण मी इरेला पेटलो होतो. वेळ सातचीच ठेवली आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट, नको त्या शब्दांत. ती तांदूळ निवडत होती. ती खडे वेचत राहिली.

सातला फोन वाजला. तिने दिवा लावला, कुंकू वाहिलं आणि सवयीने फोन हातात घेतला. तिचं बोट काचेवर थांबलं. मग देवाकडे न बघता तिने माझ्याकडे बघितलं.

"आज खंयचो दाबू?"

एवढ्या दिवसांत हे तिने पहिल्यांदा विचारलं. माझा राग काही उतरला नव्हता.

"लाल," मी म्हटलं.

तिने लाल दाबला. फुलंबिलं काही आली नाहीत. थोड्याच वेळात बाईंचा फोन आला. मी उठून गॅलरीकडे निघालो, तेव्हा आईने माझा हात धरला आणि मला तिथेच, दिव्यासमोर बसवलं.

"हयच बोल," ती म्हणाली. "सगळा सांग."