थांबलेला हात

आम्हाला मार्गदर्शन करणाऱ्या बाई मूळच्या राहू गावच्या. ईएमडीआर ही उपचारपद्धत आम्ही पुण्यात शिकलो होतो: माणूस आपल्यावर गुदरलेला प्रसंग आठवतो आणि नजर समुपदेशकाच्या हलत्या बोटांमागं फिरवतो. पण हात खरा बसला तो बाईंमुळं. आम्ही तिघी समुपदेशक दर रविवारी कुरकुंभच्या एका कंपनीनं दिलेल्या खोलीत आपापल्या अडचणी घेऊन त्यांच्यापुढं बसायचो. कुणी पेशंटचं पुराण लावलं की त्या शेंगा फोडत राहायच्या. मग म्हणायच्या, "त्याचं ऱ्हाऊ दे. तुझा हात कुठं थांबला?"

माझा थांबला होता त्याच कंपनीतल्या स्फोटात भाजलेल्या कामगारापुढं. तो हुंदके द्यायला लागला आणि मी घाईनं पाणी पुढं केलं. खरं तर तिथंच हात चालू ठेवायचा असतो.

"तहान कुणाला लागली हुती? त्याला का तुला?"

तेवढ्यात कंपनीचे साहेब आत आले. तो कामगार स्फोटाबद्दल काय बोलतो ते सांगा, नाहीतर खोली सोडा, म्हणाले.

बाईंनी टरफलं पदरात गोळा केली. "साहेब, तुमची भीती सांगायची असंल तर बसा. त्याची तुम्हाला मिळायची न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या शेतातल्या कांद्याच्या चाळीत बसलो. उग्र वासानं तिघींचेही डोळे गळत होते. बाईंनी मला मैत्रिणीसमोर बसवलं आणि हात वर करायला लावला.

"हितं रडू कुनालाच चुकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता थांबवून दाखव हात."