तांदळाच्या पिंपातला कोयता

खुनी माणूस ओळखता येतो, असं माझं पक्कं मत होतं. पस्तीस वर्षं डहाणूच्या शाळेत पोरं हाकली. कोण पुढे काय होणार हे पाचवीतच दिसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचे. पेपरात खुनाची बातमी आली की फोटोतले डोळे बघून म्हणायचे, "बघा, तोंडावरच लिहिलंय."

मग नरपडच्या आमच्या चिकूच्या वाडीत तो कामाला आला. सायवनकडचा. चुलतभावाला कोयत्यानं मारून जन्मठेप भोगून सुटलेला. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःच सांगितलं, घराचा पत्ता सांगावा तसं. मी नाहीच म्हणणार होते; पण झाडं लगडलेली आणि मजूर सगळे उंबरगावच्या कारखान्यांत. गरजवंताला अक्कल नसते.

बेडणीच्या, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या, जाळीत तो चिकू इतका हळू उतरवायचा की फळाला ओरखडा म्हणून नाही. महिनाभर मी त्याच्या डोळ्यांत काहीतरी शोधलं. मोतीबिंदूची सुरुवात सोडून काही सापडलं नाही.

तरी भीती होतीच; हे वारल्यापासून मी एकटी राहते. रोज संध्याकाळी कोयता घरात न्यायचे आणि तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवायचे. सकाळी काढून त्याच्या हाती द्यायचे. पात्याला लागलेला कोंडा तो चड्डीला पुसायचा आणि कामाला लागायचा.

एकदा न राहवून विचारलं, "का मारलंस रे भावाला?"

"त्याच्या बैलांनी माझा भाताचा रोप खाल्ला, बाय."

"एवढ्यासाठी? फार राग आला?"

तो विचारात पडला. "राग आधी पन लय वेळा आलेला. तवा घरी जाऊन भाकर खाल्ली नं निजलो. त्या दिशी काय झाला, मना नाय ठाव."

हे काय उत्तर झालं? वर्गात असता तर अर्धा मार्कसुद्धा दिला नसता. मला चीड आली, कारण तो काहीतरी लपवतोय असंही वाटेना.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिरानं आपल्या फार्महाऊसकडे गाडी जावी म्हणून आमच्या बांधावरची तीन झाडं पाडली. आमच्या लग्नाच्या वर्षी ह्यांनी लावलेली कलमं ती. मी पोचले तेव्हा बुंध्यांतून पांढरा चीक गळत होता आणि दीर पाठमोरा, फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता, "वहिनीचं काय, चार दिवस ओरडेल."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. त्यानं सकाळी नेलेला कोयता तिथेच, पडलेल्या फांदीला टेकवलेला होता. तो माझ्या हातात कसा आला, मी दिराच्या किती जवळ गेले, आठवत नाही. डोकं गार होतं आणि सगळं अगदी सोपं वाटत होतं, एवढंच आठवतं. मग मागून मनगटावर त्याचा खरबरीत हात आला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, पोराच्या मुठीतून खडू काढतात तशी. दिरानं मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचा फोन चालूच होता.

संध्याकाळपर्यंत मी ओट्यावर बसून होते. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

"तुला कळलं कसं रे?" मी विचारलं.

"तू वराडली नाय, बाय."

मला वाटलं, सापडलं उत्तर. हात धरणारं कुणी असलं की माणूस वाचतो, नसलं की संपतो. म्हणून विचारलं, "तुझ्या वेळी तिथे कुणीच नव्हतं का?"

"होती ना. लय मानसा होती."

तेही उत्तर हातातून गेलं.

अंधार पडायच्या आत सवयीनं कोयता आत न्यायला उठले. जागेवर नव्हता. विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडं हाय. तुना काय तोडायचा तो सांग, मी तोडून देईन."

त्याला आता वर्ष होईल. नारळ सोलायचा असला तरी मी त्याला हाक मारते. तो कोयता कुठे ठेवतो, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही, आणि विचारायचं माझं धाडस होत नाही.