रेक्सचं पोतं आणि मार्टिनची मांजर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गिरणीत भुवयांवर पीठ बसतं ना, तसे ते बसतात. आपण आपलं दळण दळत असतो, आणि घरी गेल्यावर बायको म्हणते, "अहो, पांढरे झालात की!"

मी जन्मभर कराडला पिठाची गिरणी चालवली. शाळेत गेलो नाही. गिऱ्हाइकांच्या डब्यांवर खडूनं नावं लिहिता लिहिता अक्षरं आली, तेवढ्यावर हे लिहितोय. आयर्लंडला, वॉटरफोर्डला मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आलो आणि कोरोनानं विमानं बंद केली. वर्ष उलटलं. भुवया पुन्हा पांढऱ्या झाल्या, या वेळी पिठाशिवाय!

या वर्षात मला एकच शेजार मिळाला. मागच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडचा मार्टिन. माझ्याच वयाचा. त्याच्याकडे रेक्स नावाचं कुत्रं आणि डॉली नावाची मांजर. कुत्रं त्याचं, मांजर त्याच्या बायकोची. बायको आधीच गेलेली. मुलगी शिव्हॉन डंडॉकला, म्हणजे या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी नाही. त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. मधे कपडे वाळत घालता घालता माझी सून मृणाल दोघांचं एकमेकांना सांगायची.

* * *

सुरुवातीला सरकारनं फर्मान काढलं, म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडायचं नाही. एक तरुण पोलीस घरोघर विचारत आला. मार्टिनच्या खिडकीबाहेर लांब उभा राहून म्हणाला, "काका, काही हवंय का? औषध? किराणा?"

मार्टिन म्हणाला, "एक बिअर. आणि समोर बसून प्यायला एक माणूस."

पोलिसानं वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी बिअर आली!

* * *

आमच्याकडे माणसं होती. प्रसाद, माझा मुलगा, वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर. मी खाली स्वयंपाकघरात. मधे जिना. दुपारी फोन वाजायचा, वरून मेसेज, "अण्णा, जेवलात?" मी लिहायचो, "हो, भाजी चांगली झाली होती, तुला ठेवलीय." वरून एक अंगठा यायचा.

माझ्या आईनं जन्मभर अंगठा उठवला. मी अक्षरं शिकलो. पोराला इंजिनियर केलं. आणि पोरगं फिरून अंगठ्यावर आलं!

* * *

त्याच उन्हाळ्यात रेक्स म्हातारपणानं गेला. मार्टिननं मागच्या अंगणात खड्डा खणला, मी भिंतीच्या अलीकडून टोपी काढून उभा राहिलो.

पण रेक्सचं खाणं यायचं थांबेना. शिव्हॉननं डंडॉकहून वडिलांचा किराणा कायमचा ठरवून दिला होता. पाव, दूध, बटाटे, आणि रेक्सच्या खाण्याचं पोतं. गाडीवाला दारात ठेवून बेल वाजवून जायचा.

मृणाल म्हणाली, "मार्टिन, मी बंद करून देते. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मार्टिन म्हणाला. "बंद केलं की ती विचारेल, का? मग म्हणेल, कुत्रं गेलं, आता तू अगदीच एकटा, वृद्धाश्रमात चल."

"पण ती फोनवर विचारत असेल ना रेक्सचं?"

"विचारते की. मी म्हणतो, ग्रँड."

ग्रँड म्हणजे झकास. इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड, मेलेलं कुत्रंही ग्रँड!

* * *

आता पोती तर येतायत. मार्टिननं ते खाणं डॉलीला घालायला सुरुवात केली. रेक्सच्याच वाडग्यात. म्हणाला, सकाळी वाडग्यात ते दाणे खडखडले नाहीत, तर दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

मृणालला ते खटकलं. मी म्हणालो, "मांस ते मांस. कुत्र्याला काय नि मांजराला काय!" तिनं प्रसादला जिन्यातून हाक मारली. तो चक्क स्वतः खाली आला. अर्ध्या जिन्यापर्यंत.

"अण्णा, एखाद्या दिवशी खाल्लं तर काही होत नाही. रोज नाही चालत. मांजराला मांसातलं एक सत्त्व लागतं. कुत्र्याच्या अंगात ते आपोआप तयार होतं, म्हणून त्याच्या खाण्यात कुणी मुद्दाम घालत नाही. मांजराला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर डोळे जातात. हृदयही."

"अरे, पण ती वाडगं चाटूनपुसून खाते. अंगानं भरलीय."

"पोट भरतं हो अण्णा. पण जे लागतं ते मिळत नाही." आणि त्याची मीटिंग होती, तो वर गेला.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ बसलो.

* * *

मग मी माझा इलाज केला. डॉलीला दूध-पोळी कुस्करून घातली. मांजराला आणखी काय लागतं!

दूध तिला बाधलं. मार्टिनच्या बायकोची जी खुर्ची त्यानं कुणाला बसू न देता जपली होती, नेमकी तिच्यावर जाऊन डॉलीनं घाण केली. आमच्या गिरणीतली मांजरं जन्मभर उंदरांवर जगली, आणि नाव दुधाचं झालं, हे मला इथे येऊन कळलं!

मृणालनं मांजरांच्या खाण्याचे डबे आणून भिंतीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी डबे तसेच्या तसे आमच्या बाजूला. मार्टिन म्हणाला, "पोरी, घरात पोतं भरलेलं असताना शेजाऱ्याचं आणलेलं घालू?"

आठ भावंडांत वाढलेला माणूस. त्याच्या हातून खाणं फेकलं जात नव्हतं.

* * *

नाताळात काही दिवस रस्ते खुले झाले. शिव्हॉन आली नाही. म्हणाली, "डॅड, तुझ्याच काळजीपोटी येत नाही." पार्सल आलं. त्यात मार्टिनला मोजे आणि रेक्सला थंडीचा लाल कोट.

तो कोट मार्टिननं चहाच्या किटलीला घातला. मला भिंतीवरून दाखवला. मृणालनं त्याचं बोलणं सांगितलं, "म्हणतायत, चहा तरी गरम राहतो."

* * *

वसंतात डॉली भिंतीवर उडी मारायला गेली आणि भिंतीवरच आपटली. पुन्हा मारली, पुन्हा आपटली. मी तिचं तोंड उजेडाकडे केलं. भर उन्हात बुबुळं एवढाली काळी. डोळ्यासमोर बोट हलवलं, तर पापणी लवेना.

मृणालनं गाडी काढली. पुढे ती, मागे एका खिडकीशी मार्टिन, दुसऱ्या खिडकीशी मी, मधे टोपलीत डॉली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, काचा खाली. जनावरांच्या दवाखान्यात आत कुणाला घेत नव्हते. डॉली काय खाते ते मृणालनं दारातूनच सांगितलं, टोपली तेवढी आत गेली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई टोपली घेऊन गाडीपाशी आल्या. म्हणाल्या, "डोळे गेलेत. ते परत यायचे नाहीत. हृदय अजून सावरेल, पण आजपासून मांजराचंच खाणं द्यायचं." मग टोपलीत पाहत राहिल्या. त्यांना राग आलेला दिसत होता. "इतके महिने हिला कुत्र्याचं खाणं? हिचं खाणंपिणं बघतं कोण?"

मार्टिननं डॉलीच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी मुलगी," तो म्हणाला.

* * *

त्या दिवसापासून मार्टिन मृणालचे डबे परत करेना. डॉलीला मांजराचं खाणं सुरू झालं, वाडगं मात्र रेक्सचंच. मागच्या शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागली. आणि रविवारी शिव्हॉनचा फोन आला, की मार्टिन फोन कानाशी धरून वाडगं खडखडवायचा आणि मोठ्यानं हाक मारायचा, "रेक्स! ये बाळा, रेक्स!" तिकडे ऐकू जावं म्हणून. डॉली चाचपडत यायची, वाडग्यात तोंड घालायची. कुणाला तरी बोलावतोय, एवढं तिला पुरत होतं.

मे महिन्यात जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाली. शिव्हॉन न कळवता आली. मी पुढच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. चांगली उंच, हसरी बाई. गाडीतून उतरली ती खांद्यावर पोतं घेऊनच. मार्टिन दारात उभा. ती म्हणाली, "डॅड! या वेळी मीच घेऊन आले, गाडीवाल्याची वाट कशाला!" इतकं इंग्रजी मला आता कळत होतं.

मला वाटलं, आता मार्टिन खरं सांगेल.

पोतं खाली ठेवून, त्याला मिठी मारायच्याही आधी, तिनं घरात वाकून हाक मारली, "रेक्स! रेक्सी! ये!"

आतून पावलं वाजली नाहीत. थोड्या वेळानं अंधाऱ्या बोळातून डॉली आली. भिंतीला अंग घासत, उंबऱ्याला अडखळली, सावरली, शिव्हॉनच्या बुटापाशी येऊन थांबली आणि तोंड वर करून बसली.

शिव्हॉन मांजरीकडे बघत राहिली. मग बापाकडे.

मार्टिन म्हणाला, "आला बघ."