कुलपातला आवाज

उदयसिंहला आमच्या सोसायटीत फारसं कोणी ओळखत नाही. 'ती टॅबलेटवाली मुलगी आहे ना, तिचा बाबा,' एवढीच त्याची ओळख. मला विचाराल तर मी जास्त सांगीन, कारण आमची दारं समोरासमोर आहेत आणि माझे कान पहिल्यापासून आगाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला मी. चेहरा विसरेन, आवाज नाही विसरणार.

तो मूळचा साताऱ्याकडचा. न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरचं काम बघतो. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय आणि गेटमधून कधी बाहेर पडला, ते सांगणारा प्रोग्राम त्याने लिहिलाय म्हणे. बोलायला कमी, डोक्याने तापट, आणि बायकोपुढे एकदम गरीब गाय. बायको प्रियदर्शिनी. नाव एवढं लांबलचक, बाई मात्र सुटसुटीत. दार वाजवायची नाही, 'काकू, आले हं' म्हणत थेट ओट्याजवळ यायची आणि हातातली भाजी काढून घ्यायची.

त्यांची मुलगी सई. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, पण जन्मापासून बोलता येत नाही. हातही थरथरतात. तिच्यासाठी उदयसिंहने टॅबलेटवर एक ऍप केलं. पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्रं. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की टॅबलेट म्हणणार, 'मला पाणी हवंय.' अशी ऍपं बाजारात होती, पण त्यातली बाई स्टेशनावर गाडीची घोषणा केल्यासारखी बोलायची. प्रियदर्शिनी म्हणाली, माझी पोरगी अशी बोलणार? छे! आणि तिने स्वतःच आवाज दिला.

रेकॉर्डिंग माझ्या घरात व्हायचं. त्यांच्या खिडक्या रस्त्याकडे, आणि तुर्भ्याकडून येणारे ट्रक दिवसभर हॉर्न मारतात. माझी मागची खोली शांत. तिथे आम्ही कपाट उघडून साड्या पुढे ओढायचो, पंखा बंद करायचो आणि ती माझी रजई डोक्यावरून घेऊन फोनमध्ये बोलायची. म्हणजे आवाज घुमत नाही, असं उदयसिंहने सांगितलं होतं. वाफारा घेतल्यासारखी घामाघूम होऊन बाहेर यायची आणि विचारायची, काकू, 'दुखतंय' खोटं नाही ना वाटत? तिची सगळी काळजी त्या एका शब्दाची. पोरीला खरंच दुखलं आणि कोणाला खरं वाटलं नाही तर, म्हणून.

पहिला चौकोन सईच्या नावाचा. 'माझं नाव सई.' आता गंमत बघा, घरात तिला सई कोणी म्हणतच नव्हतं. आई 'चिमे', बाबा 'चिमे', मीही 'चिमे'च. मोबाइलमधल्या वाढदिवसाच्या व्हिडिओंतसुद्धा चिमेच. सई हे नाव बाहेरच्यांना सांगायचं, आणि ते प्रियदर्शिनीने काय तेवढं त्या रजईखाली म्हटलं होतं. पोरीला तो चौकोन फार आवडायचा. नवीन माणूस दिसला रे दिसला की आधी तेच. वॉचमन बदलला तरी त्याला थांबवून सांगणार. स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर बघावं.

मग ते ऍप उदयसिंहने आणखी काही घरांत दिलं, जिथे अशी मुलं होती. त्यांच्या ऍपमध्ये नावाच्या जागी कोरी जागा. 'माझं नाव' एवढं प्रियदर्शिनी म्हणायची आणि पुढचं ज्याने त्याने आपल्या घरी भरायचं.

एकदा सईला घेऊन ती वाशीला थेरपी सेंटरमध्ये बसली होती. समोरच्या बाकावरून आवाज आला, 'मला भूक लागली.' हिचाच आवाज. बघते तर परक्या बाईच्या हातात परकं ऍप. रंग वेगळा, नाव वेगळं, आणि आत सगळं यांचं. कोणीतरी ऍप फोडून आतलं सामान जसंच्या तसं उचललं होतं आणि स्वतःचं म्हणून विकत होतं. घरी येऊन ती मला हसत सांगत होती. उदयसिंह मात्र भडकला. पोलिसात जातो, कोर्टात खेचतो, वगैरे. ती त्याला एवढंच म्हणाली, "पोर बोलतंय ना त्यांचं? बोलू दे."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. कावीळ झाली म्हणून डॉक्टरकडे गेली आणि पोटात भलतंच निघालं. गेलीच. मला आजही ओट्यापाशी उभी राहिले की मागून 'आले हं' ऐकू येईल असं वाटतं आणि रडू येतं. काय लपवायचं?

उदयसिंह रडला नाही. तो चोरावर चिडला. कामावरून आला की लॅपटॉप उघडून बसायचा, कोणाकोणाच्या फोनवर ते चोरीचं ऍप पोचलंय ते शोधायचा. माझी बायको बाजारात विकतायत काकू, असं म्हणायचा. मी समजावून थकले. बाईमाणूस गेलं की पुरुष असं काहीतरी हातात धरतात. कोणी दारू धरतो, याने कुलूप धरलं.

कुलूप म्हणजे काय, ते त्याने माझ्याच टेबलावर बसून मला समजावलं होतं. प्रोग्राम लिहिला की तो फोडून कोणीही आत बघू शकतो. म्हणून आतलं सगळं मुद्दाम असं गुंतवून ठेवायचं, की चोराला बघूनही काही कळू नये. ते करून देणारी टूल्स मिळतात. त्याने तीन निवडून ठेवली होती. पहिलं फुकटातलं. ते फक्त आतली नावं बदलतं. मी म्हटलं, म्हणजे हळदीच्या डब्यावरची चिठ्ठी काढून 'क' लिहायचं? तो म्हणाला, अगदी तसंच. मग उपयोग काय, चोर झाकण उघडून वास घेईल की! दुसरं टूल चिठ्ठ्या काढतं आणि स्वयंपाकाची कृतीसुद्धा अशी उलटसुलट करतं की कोणाला भाजी जमू नये. पण त्यात आवाज मात्र उघडेच राहणार होते. तिसरं सगळ्यात भारी. ते आवाजसुद्धा कुलपात घालतं, आणि ठरावीक दिवसांनी ऍप त्या कंपनीच्या कॉम्प्युटरला विचारतं, उघडू का? तिकडून हो आलं तरच उघडतं.

मी विचारलं, "म्हणजे घर तुझं आणि चावी त्यांच्याकडे?"

तो वैतागला. काकू, ही साधी किल्ली नाही, तुम्हाला नाही कळायचं, म्हणाला. बरं बाबा, नाही कळत. मी चहा टाकला.

तिसरंच घेतलं त्याने. कंपनीच्या माणसाने फोनवर सल्ला दिला, की आता उघडं काहीच ठेवू नका, चोरी मूळ फायलींवरूनही होते. हा यार्डातला माणूस. तिथे कंटेनरला सील लागलं की आतल्या मालाची दुसरी प्रत बाहेर नसते. तीच सवय इथे लावली. ज्या ज्या घरांत ऍप दिलं होतं तिथे स्वतः जाऊन जुनं काढलं आणि नवं घातलं. लॅपटॉपवरची रेकॉर्डिंग पुसली, पेन ड्राइव्ह पुसला, प्रियदर्शिनीच्या फोनमधलंही पुसलं. आता तिला कोणी हात लावू शकत नाही, म्हणाला. त्या दिवशी तो किती दिवसांनी पोटभर जेवला.

सईला फरक एवढाच जाणवला, की बोट ठेवलं की आवाज लगेच यायचा नाही. कुलूप उघडायला वेळ लागायचा. आधी ती चिडली, पुन्हा पुन्हा दाबायला लागली. मग शिकली. बोट उचलायचं, टॅबलेटकडे बघत थांबायचं, आई बोलतेच.

प्रियदर्शिनीचं वर्षश्राद्ध झालं. त्या धामधुमीत कंपनीचा एक मेल आला होता, तो उदयसिंहने जाहिरात समजून उडवला. त्यात लिहिलं होतं की आमची कंपनी दुसऱ्यांनी घेतली, ही सेवा बंद होतेय.

एका सकाळी सईने पोह्यांच्या चित्रावर बोट ठेवलं. थांबली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चार शब्द आले आणि चौकोन काळे झाले. मी तिथेच होते. तिने नावाचा चौकोन दाबला, पाण्याचा दाबला, आणि शेवटी 'दुखतंय'च्या जागेवर बोट दाबून धरलं. टॅबलेट मुका. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. आई गेली तेव्हाही तिने असा आकांत केला नव्हता. तेव्हा तिच्याकडे आई बोलायला तरी होती.

उदयसिंहने रजा टाकली. बाकीच्या घरांतलंही ऍप बंद पडलं होतं. कंपनीचे फोन लागेनात. नव्या मालकांनी कळवलं की जुन्या चाव्या नष्ट केल्या आहेत. मग तो स्वतःचंच कुलूप फोडायला बसला. चोर काय करेल याची धास्ती घेऊन ज्याने टूल निवडलं, तोच आता चोरासारखा आपल्याच घराच्या भिंती चाचपत होता. यार्डातले दोस्त आले, कोणी हुशार म्हणून आणलेले आले. सगळे एकच सांगून गेले, की टूल फार चांगलं निवडलंयस. आवाज आत आहेत, सगळे आहेत, पण निघायचे नाहीत. दाढी वाढलेला तो माणूस पोरीच्या उशाशी नुसता बसून असायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, चोराकडे असेल ना ती?"

इतका शिकलेला माणूस, पण ही गोष्ट त्याच्या मनाला शिवली नव्हती, कारण त्या चोरीचा त्याला एवढा तिटकारा होता. चोरांनीही ते ऍप कधीच गुंडाळलं होतं, पण कुठेतरी कोणाच्या टॅबलेटवर पडलेलं असेल. दिघ्याला ज्ञानेश्वरी नावाच्या एक बाई दोन खोल्यांत अशा मुलांचा वर्ग चालवतात, त्यांच्याकडे अजून चालतंय असं कळलं.

आम्ही तिघं रिक्षा करून गेलो. गल्ली अरुंद, दारात कपडे वाळत घातलेले. आत एक छोटी मुलगी भात खात होती. तिने टॅबलेटवर बोट ठेवलं आणि प्रियदर्शिनी म्हणाली, 'अजून.'

ताबडतोब म्हणाली. कुलूप नव्हतं ना. सईने मान अशी वळवली की तोल जाऊन पडलीच असती, मी धरलं. उदयसिंह दारातच खाली बसला आणि त्या अनोळखी माणसांत हमसून हमसून रडला, वर्षभराचं. ज्ञानेश्वरीताई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांना काय ठाऊक, की चोरीचं ऍप आहे आणि ते ज्याचं चोरलं तो असा उंबऱ्यावर बसलाय! मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं आणि आम्हाला हवं ते घेऊ दिलं.

त्यातून त्याने सगळे शब्द काढून सईच्या टॅबलेटवर घातले. पाणी, भूक, दुखतंय, नको, अजून. सगळं आलं. फक्त पहिला चौकोन अर्धा होता. चोरांनी उचललं ते दुसऱ्या घरांत दिलेलं ऍप, त्यात 'माझं नाव' आणि पुढे कोरं. 'सई' त्या कुलपातच राहिली.

उदयसिंह माझ्याकडे आला आणि रजई मागितली. मी कपाट उघडलं, पंखा बंद केला, दाराशी उभी राहिले. तो रजई डोक्यावरून घेऊन बसला. मग एकदा म्हणाला, 'सई.' बाहेर आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

त्याने तो शब्द जोडून टॅबलेट तिच्या हातात दिला. तिने चौकोन दाबला. 'माझं नाव' आईच्या आवाजात, 'सई' बाबाच्या जाड आवाजात. तिने बाबाकडे बघितलं, पुन्हा दाबलं, पुन्हा ऐकलं. मग तिचं बोट थरथरत थरथरत कोपऱ्यातल्या लाल चौकोनापर्यंत गेलं.

"नको," प्रियदर्शिनी म्हणाली.

त्याने आपला आवाज काढून टाकला. आता ऍप तो सगळ्यांना उघडंच देतो, कुलूपबिलूप काही नाही, हवं त्याने न्यावं. सईसुद्धा बरी आहे, नवीन माणूस दिसला की अजूनही त्याला थांबवते. परवा नव्या वॉचमनला थांबवलं. टॅबलेट म्हणाला, 'माझं नाव.' तिने बोट उचललं आणि टॅबलेटकडे बघत राहिली, कुलपाच्या दिवसांत शिकली होती तशी. तिला वाटतं उशीर होतोय, आई बोलेलच. वॉचमन उभा होता, बाबा उभा होता, मी पिशवी हातात धरून उभी होते, आणि ती थांबली होती.