कोळशाची गंज

माझे सासरे जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगात कारभारी होते आणि आमचं घर त्याच आवारात होतं. सासरे मूळचे शेतकरी. बॉयलरसाठी आगगाडीनं आलेला दगडी कोळसा त्यांनी कडब्याची गंज रचावी तसा खूप उंच रचायला लावला, धूळ उडू नये म्हणून त्यावर पाणी मारलं आणि वरून शेणमातीनं लिंपून घेतलं. येईल त्याला दाखवायचे, "हाये का कुठं अशी गंज?" नव्हतीच. का नव्हती, ते पुढे कळलं.

थंडीत गंजीलगतची भिंत कोमट राहू लागली. घरात तान्हं मूल, मला दुपटी वाळवायला आयती जागा मिळाली. दुपट्यांना रॉकेलसारखा वास येई. गंज गरम लागते, असं मी सासूबाईंकरवी सासऱ्यांना कळवलं. उन्हानं तापत असेल, असं उत्तर आलं. ती बाजू दिवसभर सावलीत असते, हेही कळवलं. 

आवारातल्या खोपटात एक विधवा बाई राहायची, पोत्यांत सरकी भरायचं काम करायची. रोज सकाळी ती माझ्या चुलीतला विस्तव गोवरीच्या तुकड्यावर घेऊन गंजीशेजारून घरी जाई. तेव्हा सगळ्याच बायका एकमेकींकडून विस्तव नेत.

एका सकाळी लिंपणाला भेगा पडून धूर यायला लागला. माणसांनी गंज फोडली तर आत कोळसा लालभडक. वारा लागताच भडकला. शेजारची रुई वाचवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

आग विझली तशी ती बाई रडत पुढे आली. "माझ्याच गोवरीची ठिणगी पडली आसंल, मालक. कामावरून काढू नका, खोपट मोडू नका."

सासऱ्यांनी नुसता फेटा सारखा केला. मला ते सहन होईना. डोक्यावरचा पदर सावरून मी चारचौघांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले, "हिचा दोष नाही. गंज किती दिवस तापत होती. आग पोटातून निघाली, वरून नाही."

सासऱ्यांना ते पटलं होतं. माझी नजर टाळून ते तिला म्हणाले, "सूनबाई एवढं म्हणती, तर माफ केलं. जा कामाला."

माफ केलं! तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिचं काम राहिलं, खोपट राहिलं. पण ती परत विस्तव मागायला आली नाही. संक्रांतीला मात्र पहिला तिळगूळ आमच्या घरी आणायची. लेकीच्या लग्नात जावयाला सासऱ्यांच्या पाया पडायला घेऊन आली. सासऱ्यांनी आशीर्वादही दिला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

सासरे वारल्यावर मी तिला हाताला धरून बसवलं. म्हटलं, "अगं, तुझी ठिणगी नव्हतीच. कोळसा ओला करून असा उंच रचला की आत ऊब कोंडते आणि तो आपला आपणच पेटतो. चूक आमच्या घरची होती."

ती हसली. माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

"बाई, आजूनबी माझ्यासाठी खोटं बोलून राह्यल्या तुम्ही. आशी माणसं न्हाई मिळत."

मग ती उठली. हातात विस्तव नव्हता, काहीच नव्हतं, तरी गंजीच्या मोकळ्या जागेला लांबून वळसा घालून घरी गेली.