सतरा नंबरचे सांधे

सीमेपलीकडे जाणारी गॅसची पाइपलाइन होणार, होणार, असं आम्ही पंधरा वर्षं ऐकतोय. यंदा कुकटपल्लीतला शिवराज ठेकेदार तिच्यासाठी वेल्डर नोंदवू लागला. हिम्मतराव पहिल्याच दिवशी गेला. शिवराजने आधार कार्ड पाहिलं. म्हणाला, "काका, वय बासष्ट. लाइनवर नक्को. आराम करा."

मी फिटर, तो वेल्डर. सत्तावीस वर्षं पाइप मी जुळवला, सांधा त्याने भरला. त्याचा एकही सांधा परत कापावा लागला नाही. हे कौतुक नव्हे, मी तिथे होतो.

आठवड्याने शिवराजचाच फोन. "बारा तुकडे जोडून द्या, काका. पोरांना नमुना दाखवायला."

हिम्मतरावाने त्याच्या शेडवर जाऊन दिले. पाइप तिरका बांधलेला असतो, फिरवायचा नाही. खालची बाजू उताणं पडून भरायची. एका तुकड्याला दोन तास. ठिणग्यांनी मान भाजली.

नंतर शेडवर राहिलेला हिम्मतरावाचा वेल्डिंगचा मास्क आणायला आम्ही दोघं गेलो. त्या दिवशी नोंदवलेल्या वेल्डरांच्या परीक्षेचे तुकडे पाहायला तपासनीस यायचा होता. बाराही तुकडे टेबलावर मांडलेले, प्रत्येकावर वेगळ्या वेल्डरचा नंबर ठोकलेला. सांध्याशेजारी ठोकलेला नंबर म्हणजे वेल्डरची सही.

"हे माझे सांधे आहेत," हिम्मतराव म्हणाला.

"हौ काका, तुमचेच. इतकं साफ दुसरं कोण करतंय?" शिवराज हसला. "लाइन अजून कागदावरच आहे. तोवर पोरं शिकतील. चाय सांगू?"

"माझं वय चालत नाही, हात चालतो? आणि पोरं नाही शिकली तर गॅस काय तुझ्या चहासाठी थांबेल?"

त्याने पिशवीतून नंबर ठोकायचे दोन पंच काढले, एक आणि सात. सतरा हा त्याचा नंबर. प्रत्येक तुकड्यावर, दुसऱ्याच्या नंबराला लागून, त्याने तो ठोकला. चोवीस घाव, एकही वाकडा नाही.

"अहो, दोन नंबर दिसले तर सगळे रद्द होतात!" शिवराज ओरडला.

"म्हणूनच."

तपासनीसाने कारण विचारलं. हिम्मतरावाने सांगितलं. बाराही तुकडे रद्द झाले, आठ दिवसांनी फेरपरीक्षा ठरली. शिवराज तोंड फिरवून उभा राहिला.

"बाराजणांना उद्या आठला पाठव," हिम्मतराव त्याला म्हणाला. माझ्याकडे बोट केलं. "पाइप हा जुळवेल. सांधा ज्याचा त्याने भरायचा."

मला विचारलंही नाही. सकाळी आठला चौघेच आले. मी पाइप बांधायला घेतला.